लवंगीचं छातीकवच

एका जंगलात, जिथे रस्ता अजून झालेला नाही पण त्याचं उद्घाटन दोनदा झालं आहे, सशांचा एक माळ होता.

मुलांनो, सरळ बसा. ही युद्धाची गोष्ट आहे.

या माळावरच्या सशांची नावं मसाल्यांची असत. आपण शेवटी कोणाच्या तरी रश्शातच जाणार, तर निदान तयारीनं जावं, असं पूर्वजांना वाटलं असावं. पलटणीचे सुभेदार होते दगडफूल आबा. कोठार सांभाळायची जायपत्री मावशी. आणि आपल्या गोष्टीची नायिका लवंगी. आकारानं लहान, तोंडानं तिखट. डोंगरापलीकडच्या महाविद्यालयातून संरक्षणशास्त्राची पदवी घेऊन ती नुकतीच परत आली होती. युद्ध तिनं पाहिलं नव्हतं. पण युद्धाबद्दल तिचं मत होतं.

पलटणीतल्या प्रत्येक सशाला एक कवच मिळे. मेलेल्या कासवाच्या पाठीचा तुकडा आणि तो बांधायला वाखाची दोरी. कवच बांधायचं पाठीवर. फक्त पाठीवर. कारण माळावरच्या सशांनी आजवर जेवढ्या लढाया केल्या, त्या सगळ्या शत्रूकडे पाठ करून केल्या होत्या. या युद्धपद्धतीला ते 'पाठराखण' म्हणत. हा शब्द ते इतक्या अभिमानानं उच्चारत की ऐकणाऱ्याला वाटावं, हे कोणाच्या तरी मदतीला धावून जाताहेत. धावून जात, हे खरंच होतं. फक्त दिशा उलटी असे.

लवंगीला या सगळ्याचा संताप यायचा. त्यातही आबांच्या कवचाचा. वर्षानुवर्षं पळून पळून ते पाठीवरून घसरलं होतं आणि आता कमरेच्याही खाली, शेपटीच्या आसपास लोंबत होतं.

"आबा, काळीज कुठे असतं?" तिनं एकदा भर सभेत विचारलं.

आबांनी थोडा विचार केला. "आमच्या वेळी छातीत असायचं."

"मग कवच कमरेवर का?"

"पळताना घसरतं, पोरी. आता तिथेच बरं वाटतं. थंडीत कंबरही धरत नाही."

सभा हसली. लवंगी हसली नाही. या म्हाताऱ्यांच्या हातात माळ असेपर्यंत सशांचं काही खरं नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. हे ती दर आठवड्याला ठरवत असे.

आणि मग ओढ्याकाठी एक खोकड दिसू लागलं.

लवंगीची थोरली बहीण वेलची त्याच काठच्या गवतात नुकतीच बाळंत झाली होती. पिल्लांचे पाय अजून काडीएवढे. पळणं सोडाच, त्यांना नीट उभंही राहता येत नव्हतं. दुसरीकडे हलवायची तर तोंडात धरून एकेक न्यायला हवी, आणि एक नेईपर्यंत उरलेली कोणाच्या भरवशावर ठेवायची? वेलचीनं खाणंपिणं सोडलं. खोकड रोज सकाळी येई, पलीकडच्या काठावर बसे, गवताकडे बघे आणि जाई. रोज थोडं अलीकडे बसे.

सभा भरली. बरीच चर्चा झाली. वेलचीनं पाठराखण करावी, असं ठरलं. म्हणजे तिनं पळून यावं. पिल्लं काय, पुन्हा होतील.

हे ऐकून लवंगीच्या मिशा ताठ झाल्या. माझ्या भाच्या म्हणजे कापल्यावर परत उगवणारं गवत नव्हे, असं तिनं सुनावलं. मी गवतापुढे उभी राहीन, खोकडाकडे तोंड करून राहीन आणि कवच छातीवर बांधीन, असंही सांगितलं.

छातीवर कवच ही कल्पना काही वडीलधाऱ्यांना जरा अश्लील वाटली.

"पाठीवर मार खाल्लेला ससा घरी येतो," आबा हळूच म्हणाले. "छातीवर मार खाऊन परत आलेला मी एकही पाहिला नाही."

"तुमच्यापैकी कोणी छाती वळवलीच नाही, आबा. दिसणार कुठून?"

आबांनी परवानगी दिली. दुसरं कोणी पुढे येत नव्हतं, हेही एक कारण होतं.

लवंगी कामाला लागली. आणि मुलांनो, तिनं सुरुवात अगदी बरोबर केली, हे मान्य करायला हवं. कासवाचा चांगला जाड तुकडा निवडला. त्याची वरची कड गळ्याच्या खळगीपाशी येईल असा तो बसवला. पोटाला लागलं तर वैदूपर्यंत पोचायला वेळ मिळतो, काळजाला लागलं तर मिळत नाही, हे ती शिकली होती. तेवढ्याच वजनाचा एक तुकडा पाठीवरही बांधला, म्हणजे तोल जायला नको. कुशीचे पट्टे असे आवळले की मोठा श्वास घेता यावा, पण कवच हलू नये. उजव्या हातात गोफण, म्हणून गोट्यांची पिशवी डाव्या हाताशी. जखमेवर चोळायचा दगडीपाला पोटाच्या मधोमध, दोन्ही हातांना सापडेल असा. कारण वेळेला कोणता हात शाबूत असेल, सांगता येत नाही.

मग तिनं पळून बघितलं, पालथं पडून बघितलं, लोळून बघितलं. कवच अंगाला जणू चिकटलं होतं.

ती इथेच थांबली असती तर गोष्टही इथेच संपली असती, आणि तुम्हाला खेळायला जाता आलं असतं. पण लवंगी तळ्यावर गेली.

तळ्यात तिनं स्वतःला पाहिलं. समोरून पाहिलं, बाजूनं पाहिलं, डोळे बारीक करून दूर कुठेतरी बघतानाही पाहिलं. सगळं छान दिसत होतं. फक्त पट्ट्यावरची मोकळी जागा तिला खुपली. परीक्षेत कोरं सोडलेलं पान दिसावं, तशी ती दिसत होती.

गोटे संपले तर? तिनं दुसरी पिशवी लावली. गोफण तुटली तर? जादा गोफण घेतली. तहान लागली तर बांबूचं नळकांडं. भूक लागली तर हरभऱ्याचा डहाळा. पाऊस आला तर छोटंसं इरलं. खोकड शरण आलं तर त्याला बांधायला दोरी. आणि लढाई लांबलीच, तर मधल्या वेळात वाचायला स्वतःचा प्रबंध, 'ससेजमातीतील पलायनवाद: एक चिकित्सा'. प्रत्येक वस्तू लावताना ती स्वतःशी पुटपुटत होती, "असू दे, लागेल."

हे शब्द तिचे नव्हते. जायपत्री मावशीचे होते. मावशीच्या कोठारात फुटक्या करवंट्या होत्या, भांड्यांवाचून उरलेली झाकणं होती, आणि कशालाच पुरणार नाहीत असे दोरीचे तुकडे गुंडाळून ठेवलेले होते. कोणी काही टाकायला काढलं की मावशी ते हातातून काढून घेई आणि म्हणे, असू दे, लागेल. मागच्या सुट्टीत लवंगीनं या प्रकारावर मावशीला चांगलं व्याख्यान दिलं होतं. त्यात 'मागासलेली मनोवृत्ती' हे शब्द बऱ्याचदा आले होते. मावशी शेंगा सोलत ऐकत होती. टरफलं तिनं ठेवून दिली.

आता तीच मावशी तळ्याकाठी आली. तिनं लवंगीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तिचे डोळे भरून आले.

"अगं लवंगे, अगदी माझ्यावर गेलीस."

लवंगीला हे फार लागलं. "मावशी, तुझं कोठार म्हणजे अडगळ. ही सज्जता आहे. याची मांडणी शास्त्रीय आहे."

"माझीही शास्त्रीयच आहे बाई. फक्त मला वेळेवर काही सापडत नाही." मावशीनं कनवटीचं एक नारळाच्या करवंटीचं झाकण काढलं. "हेही ठेव. असू दे."

लवंगी नको म्हणणार होती. पण बरगडीखाली एक जागा खरंच रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवंगी गवतापुढे उभी राहिली. मागे वेलची पिल्लांवर अंग पसरून पडली होती. लवंगीचा बेत साधा होता. खोकड टप्प्यात आलं की गोफणीचा गोटा नाकावर हाणायचा, ते चवताळलं की डावीकडे उडी घ्यायची, आणि त्याला मागे लावून पार टेकडीपर्यंत पळवत न्यायचं. ससा खोकडापेक्षा जोरात पळतो. एवढं तिला पदवीआधीही माहीत होतं.

खोकड ओढा उतरून आलं. आज ते पलीकडे बसलं नाही.

लवंगीनं डावा हात गोट्यांकडे नेला. हाताला डहाळा लागला. तो टाकून तिनं पुन्हा हात घातला, तर झाकण आलं. ते तिनं दुसऱ्या हातात धरलं, त्यासाठी गोफण काखेत मारली, आणि तिसऱ्यांदा हात घातला. प्रबंध आला. गोटे प्रबंधाच्या खाली होते.

"लवंगे," मागून वेलची कुजबुजली, "पळ आता."

"पळतेच आहे, ताई," लवंगी म्हणाली.

आणि ती खरंच पळत होती. पाय पळत होते. बाकीची लवंगी जागेवर होती.

आता खोकडाच्या बाजूनं पाहा, मुलांनो. त्या बिचाऱ्यानं आयुष्यात सशाची छाती पाहिलेली नव्हती. सशाला शेपटी असते, ती लहान होत होत जाते, एवढंच त्याचं ज्ञान. आणि इथे एक ससा समोर तोंड करून उभा. एका हातात झाकण, दुसऱ्या हातात पुस्तक. पायांनी जमीन उकरतोय, जणू आता अंगावर येणार. काळजाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्याच्या छातीवर नळकांडं कवचाला लागून टक टक आवाज येतोय.

खोकडानं एक पाऊल पुढे टाकलं. ससा हलला नाही. दुसरं टाकलं. ससा तसाच.

हा ससा वेडा तरी असणार, खोकडाच्या मनात आलं, नाहीतर याला कोणा मोठ्याची पाठराखण असणार. त्यानं गवताकडे पाहिलं. गवत हललं. वेलची थरथरत होती, म्हणून हललं. खोकडाला वाटलं, तिथे कोणीतरी भलंमोठं दबा धरून बसलंय. ते आलं तसं मागे सरलं, आणि त्या दिवसापासून त्यानं तो काठच सोडला.

ते दिसेनासं झाल्यावर लवंगी उताणी पडली. चार पाय वर, कासवासारखी. वेलचीनं दातांनी पट्टे तोडून तिला बाहेर काढलं. एकाच वेळी हसत होती, रडत होती, आणि पिल्लांना सांगत होती, बघा, ही तुमची मावशी.

संध्याकाळी सभा भरली. लवंगीवर फुलं उधळली गेली. तिला बोलायला सांगितलं. तिनं प्रामाणिकपणे सांगितलं, "मी उभी राहिले नाही. मला पळता आलं नाही."

मग दगडफूल आबांनी डोळे पुसले. "एवढी शिकलेली, आणि किती नम्र."

टाळ्या पडल्या. लवंगीनं पुन्हा सांगितलं, अहो खरंच, ओझ्यामुळे पाय उचलत नव्हते. टाळ्या वाढल्या. तिसऱ्यांदा ती बोलली नाही. टाळ्यांचा आवाज फार होता, आणि खरं सांगायचं तर तो वाईट वाटत नव्हता.

आबा निवृत्त झाले. लवंगी सुभेदार झाली. प्रत्येक सशानं तिच्यासारखंच कवच बांधावं, तेवढेच खिसे, त्याच वस्तू, असा नियम झाला. प्रबंधाच्या नकला काढल्या गेल्या. झाकण कशासाठी हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण झाकण होतं म्हणूनच खोकड पळालं, यावर एकमत होतं. ते बरगडीखालीच असलं पाहिजे, असंही ठरलं. जायपत्री मावशीचं कोठार पहिल्यांदाच रिकामं झालं. त्या दिवशी ती चारचौघांत मान ताठ करून हिंडली.

माळावरचे ससे आता पळत नसत. ते खोकडाला छाती दाखवून उभे राहत. पुढच्या थंडीत एक नवं खोकड आलं. ते तरुण होतं आणि त्याला विचार करायची सवय नव्हती. त्यानं तमालपत्र काकांना सगळ्या सामानासकट नेलं. काका जागचे तसूभरही हलले नाहीत. त्यांचा पुतळा उभारला. पुतळ्यालाही झाकण आहे.

वर्षं गेली. वेलचीची धाकटी मुलगी मोहरी डोंगरापलीकडे शिकून परत आली. लहानखुरी, मिशा ताठ. ती भर सभेत उठून उभी राहिली. लवंगी समोर बसली होती. खिशांच्या भारानं तिचं छातीकवच एव्हाना घसरून पोटावर आलं होतं. बसताना त्यावर हात टेकता येत.

"मावशी," मोहरीनं विचारलं, "हे झाकण कशासाठी असतं?"

सगळी सभा लवंगीकडे पाहू लागली. दगडफूल आबासुद्धा कोपऱ्यातून कान वळवून ऐकू लागले. समोर तमालपत्र काकांचा पुतळा उभा होता. लवंगीला ती सकाळ आठवली. मातीत जागच्या जागी पळणारे आपले पाय आठवले. हे झाकण, हा डहाळा, ही दोरी, सगळं आज इथेच उतरवून ठेवा, असं तिला सांगायचं होतं. नुसतं कवच आणि डाव्या हाताशी गोटे, एवढंच लागतं. तिनं तोंड उघडलं.

"असू दे गं," ती म्हणाली. "लागेल."

तात्पर्य: संकटासमोर ठाम उभं राहायचं असेल तर धैर्य अंगी येण्याची वाट पाहू नये, अंगावर इतकं सामान चढवावं की पळताच येऊ नये. आणि मुलांनो, मोठ्यांच्या चुका डोळे मिटून कधीही करू नका. आधी पदवी घ्या. मग त्याच चुका शास्त्रीय पद्धतीनं करा.