मुंबईत कोणाचा पाय मोडला?

धुरपताबाईचा उजवा पाय मोडला तो हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला त्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपार कलल्यावर. मोडला गावातल्याच बालाजीच्या ट्रॅक्टरने. बालाजी प्यालेला नव्हता, त्याला घाई होती. वळणावर ट्रॉली फाकली. बाई बांधाला चिकटून उभी होती, तरी ट्रॉलीच्या कोपऱ्याने तिला नालीत ढकललं आणि चाक गुडघ्याखाली पायावरून गेलं. चार वर्षांनी कोर्टाने बालाजीला दीड हजार रुपये दंड केला. त्यातला एक पैसा धुरपताबाईला मिळाला नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे तुम्हाला हसू येणार आहे आणि हसता हसता मूळ मुद्दा बाजूला पडतो.

हसू यावं असंच तिचं वागणं आहे. दर सोमवारी ती काठी टेकत सेनगावच्या बाजूची जीप पकडते, कोर्टात जाते आणि शेवटच्या बाकावर बसते. तिची तारीख नसते, साक्ष नसते. फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून आणलेला असतो. एकेक आरोपी पुढे येतो, गुन्हा कबूल म्हणतो, साहेब दंड सांगतात. आकडा साहेबांच्या तोंडातून बाहेर पडला की मागून खणखणीत आवाज येतो, "अन् मोडलं कोणाचं?"

शिपाई धावत येतो. "आजी, गप बसा."

"बसले की. इचारलं फकस्त."

आमच्या वस्तीत तिला धुरपतामाय म्हणतात. तिची आणि आमची भिंत एक. पाय मोडायच्या आधी ती खुरपणीच्या टोळीची म्होरकी होती. कोणाच्या रानात किती रोज, कोणत्या मालकाकडे पाणी प्यायला मिळतं आणि कोणाकडे नुसतीच दमदाटी, हे ती ठरवायची. काम करताना तोंडाचा पट्टा असा सोडायची की बायांना ऊन लागल्याचं कळायचं नाही. नवरा वारलेला, लेक जालन्याकडे दिलेली. टोळी हेच तिचं गणगोत. पाय वाकायचा बंद झाला तेव्हा खुरपणी संपली. खुरपणी बसून करायची असते. आता टोळी सकाळी तिच्या दारावरून जाते, बाया हाक मारतात आणि पुढे निघतात.

खटला उभा राहिला तो सरकार विरुद्ध बालाजी. कागदावर भांडण या दोघांचं. धुरपतामाय त्यात साक्षीदार. ट्रॅक्टरला विमा नव्हता. भरपाईचं कोर्ट वेगळं, त्याचा वकील वेगळा, त्याची फी वेगळी, म्हणून ते दार तिला उघडलंच नाही. पहिल्या तारखेला नाव पुकारलं तेव्हा तिने सरकारी वकिलाला विचारलं, "सरकारचं काय मोडलं वो?" वकील म्हणाले, "मावशी, कायद्यात गुन्हा सरकारविरुद्ध असतो." ती त्यांच्याकडे आणि मग स्वतःच्या पायाकडे बघत राहिली.

चार वर्षं तारखा चालल्या. आमच्या गावातून कोर्टाच्या वेळेला एकच जीप निघते, त्यामुळे आरोपी आणि जखमी एकाच जीपने जायचे. धुरपतामाय मधल्या सीटवर, पाय लांब करून. बालाजी तिच्या समोर, मान खाली घालून. जागा नसली की तो मागे लटकायचा, पण दुसऱ्या जीपने जायचा नाही, कारण दुसरी जीप नव्हती. चार वर्षांत दोघांत एक शब्द झाला नाही. जीपवाला रफीक म्हणायचा, "मेरी गाडी में कोर्ट से ज्यादा खामोशी रहती है." तरी ती दुखरा पाय आखडून घ्यायची, बालाजीचा गुडघा लागू नये म्हणून.

निकालाच्या दिवशी बालाजीने गुन्हा कबूल केला. कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दीड हजार दंड. कोर्ट उठेपर्यंत कैद म्हणजे संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहायचं. तो बसला. त्याच्याबरोबर धुरपतामायही बसली, दंड घ्यायचा होता म्हणून.

तिची ही चूक समजून घ्या. आमच्याकडे भांडण मिटतं ते चार माणसांसमोर. एकाची बैलं दुसऱ्याच्या ज्वारीत शिरली, तर ज्याची बैलं त्याने ज्याची ज्वारी त्याच्या हातावर दंड ठेवायचा. पायलीभर ज्वारी म्हणा, चार रुपये म्हणा. मधली माणसं फक्त बघायची. दंड हा शब्द तिने जन्मभर याच अर्थाने ऐकला होता. त्यामुळे बालाजी खिडकीशी जाऊन पैसे मोजायला लागला तेव्हा ती शेजारी जाऊन उभी राहिली आणि पदर पसरून म्हणाली, "द्या हितं."

कारकून हसला. "मावशी, हे सरकारजमा होतंय."

"पाय माझा हाय."

"व्हय, पण पैसा सरकारचा."

बालाजीने पावती घेतली, घडी घालून खिशात टाकली. कोर्ट उठलं तसा तो निघून गेला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याने दुसऱ्या कोणाच्या मोटारसायकलवर मागे बसून गाव गाठलं.

दुसऱ्या दिवशी धुरपतामाय पुन्हा कोर्टात हजर. कोर्टाचा माणूस पैशांची थैली घेऊन सरकारी तिजोरीकडे निघाला, सोबत एक पोलीस. मागून काठी वाजवत ही. पोलिसाला संशय आला.

"कोन हाय तुमी? काहून मागं मागं येऊन राहिल्या?"

"त्या थैलीत माझा पाय हाय."

कोर्टाच्या माणसाने थैली दुसऱ्या हातात घेतली आणि चालण्याचा वेग वाढवला. तिजोरीच्या खिडकीवर तिने विचारलं, हे पैसे आता कुठे जाणार. आतला माणूस सज्जन होता. त्याने सांगितलं की चलनाने जमा होतात, राज्य सरकारच्या खात्यात जातात, म्हणजे मुंबईला.

"मुंबईत कोणाचा पाय मोडला?" धुरपतामायने विचारलं.

रांगेतली माणसं हसली. मला हा प्रसंग सांगणाराही हसत होता. पण या प्रश्नाचं उत्तर त्या खिडकीत कोणाकडे नव्हतं आणि तेव्हापासून आजपर्यंत मला कोणी दिलेलं नाही. दंड किती करायचा याचे आकडे कायद्यात ठरलेले आहेत. तो न भरला तर किती दिवस आत बसायचं तेही ठरलेलं आहे. दारूचा दंड, जुगाराचा दंड, जादा प्रवासी भरल्याचा दंड, एखाद्याचं हाड मोडल्याचा दंड, सगळे एकाच थैलीतून एकाच तिजोरीत. तिथून कोणाच्या घराकडे वाट फुटत नाही.

तेव्हापासून सोमवार सुरू झाले. बालाजीचं प्रकरण संपलं होतं, पण धुरपतामायने सगळ्या जिल्ह्याची प्रकरणं अंगावर घेतली. एकाला दारू पिऊन धिंगाणा घातल्याबद्दल दंड झाला. व्हरांड्यात तिने त्याला गाठलं. "धिंगाणा कुठं घातला रे?" तो म्हणाला, घरात. "मंग तुझ्या बायकूच्या हातावर ठिवायचा ना दंड! हितं काहून भरून राहिला?" तो माणूस खरोखर परत खिडकीकडे गेला, पण पैसे परत मिळत नाहीत.

रफीकला जादा सीट भरल्याबद्दल दंड झाला, त्या दिवशी तर तिने जीपच अडवली. "मांडीवर मांडी घालून बसलो आमी. माझ्या मोडक्या पायावर एक जण बसला हुता. तरास आमाला, अन् पैसे सरकारला? वाटून दे समद्याला!"

रफीक हात जोडून म्हणाला, "मावशी, दंड बी मैंच भरू, अन् हिस्सा बी मैंच दूँ?"

"बराबर. तरास बी तूच दिला."

जीपमधल्या सगळ्यांनी तिची बाजू घेतली. रफीकने त्या दिवशी कोणाकडूनच भाडं घेतलं नाही. माझ्या माहितीत या जिल्ह्यात दंडाचा पैसा ज्यांना त्रास झाला त्यांच्यापर्यंत पोचला तो एवढाच.

एका सोमवारी तिने एकामागून एक तीन निकालांत आवाज दिला. साहेब नवे होते, तरुण होते. त्यांनी काम थांबवलं आणि कोर्टाच्या कामात अडथळा आणल्याबद्दल तिलाच पन्नास रुपये दंड सांगितला. धुरपतामाय उठली. कनवटीची गाठ सोडली, चुरगळलेल्या नोटा काढल्या आणि पिंजऱ्याला वळसा घालून सरळ साहेबांच्या मंचाकडे निघाली. शिपायाने अडवलं. "आजी, खिडकीवर भरा."

"खिडकीला काय केलं म्या? तरास ह्या लेकराला दिला. घ्या साहेब, तुमच्या हातानं घ्या. तुमचं काम खोळंबलं, म्या चुकले."

साहेब मान खाली घालून काहीतरी लिहीत राहिले. मग म्हणाले, "बाई, माफी मागता का? दंड रद्द करतो."

"माफी मागतेच की. पर पैसे बी घ्या. न्हाईतर मिटलं कसं म्हनायचं?"

दंड रद्द झाला. पैसे तिच्या मुठीतच राहिले. घरी येताना ती जीपमध्ये रागाने लाल झाली होती. "चुकल्याचे पैसे बी घेत न्हाईत. असलं कसलं कोर्ट बाप्पा!"

ही गोष्ट ऐकल्यावर मी कायद्याचं पुस्तक मिळवून वाचलं. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३५७. दंड करताना कोर्टाला वाटलं तर त्या दंडातली काही रक्कम, किंवा सगळीच्या सगळी, नुकसान झालेल्या माणसाला देता येते. पुस्तकात आहे. चार वर्षं धुरपतामाय त्या खोलीत बसली होती. सरकारी वकील होते, आरोपीचा वकील होता, कारकून होते. एकानेही ते कलम तोंडातून काढलं नाही. मला संताप येतो तो याचा.

त्या संतापात मी बालाजीकडे गेलो. तो गोठ्यात होता. मी म्हणालो, तू स्वतःच्या हाताने काहीतरी नेऊन दे तिला. शंभर दे, पन्नास दे. त्याने हातातली वैरण दावणीत टाकली. मग म्हणाला, "भाऊ, दंड भरला म्या. पावती हाय. आता माझं अन् तिचं काय ऱ्हायलं?"

तो उद्धटपणे बोलला नाही. सरकारने सांगितलं ते त्याने केलं होतं आणि सरकारने त्याला मोकळं केलं होतं. मी काहीही बोललो तरी त्या कागदापुढे चालणार नव्हतं.

मी येऊन धुरपतामायला जसंच्या तसं सांगितलं. वाटलं होतं शिव्या देईल. ती चुलीपुढे बसली होती, एक पाय पुढे ताणलेला.

"माय, तुला दीड हजारच पायजेत ना? आमी वर्गणी करतो."

"तुमचे कशाला? तुमी काय केलं माझं?" मग म्हणाली, "पैशाचं काय करू रे म्या आता? इलाज तर कवाच झाला."

"मग?"

"निकालाच्या दिवशी सकाळी पावशेर दूध घेऊन ठिवलं हुतं. शेजारून दोन कपबश्या आनल्या हुत्या. दंड हातावर ठिवला की च्या पाजावा लागतो. मंग मिटते." ती काटक्या सारखत राहिली. "आपल्या घरचा च्या तो पेला असता का न्हाई, काय म्हाईत. पर म्या केला असता. पोरगं चार वर्सं माझ्या म्होरं बसलं. लई वाळून गेलं रे. डोळ्याखाली काळं झालं. मला वाटायचं, त्याला म्हनावं, जाऊ दे बाबा, झोप आता. पर दंड घेतल्याबिगर कसं म्हनू?"

दूध संध्याकाळपर्यंत नासलं होतं, ते तिने ओतून दिलं. बालाजी आजही तिच्या गल्लीतून जात नाही, मागच्या वाटेने रानात जातो.

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्या घरातलं, गल्लीतलं कोणी जखमी म्हणून कोर्टाच्या तारखांना जात असेल, तर निकालाच्या आधी सरकारी वकिलाला गाठा आणि दंडातून जखमीला द्या असा अर्ज कोर्टापुढे ठेवायला लावा. वकील टाळत असेल तर स्वतः उभे राहून साहेबांना सांगा, कलम ३५७, नव्या संहितेत ३९५. आणि तुम्ही स्वतःच कधी कोणाचं हाडमांस मोडून दंड भरून मोकळे झाला असाल, तर हे वाचून बाजूला ठेवू नका. सरकारचं आणि तुमचं मिटलं असेल. ज्याला लागलं त्याचं घर तुम्हाला माहीत आहे. मागची वाट सोडा, आज दिवस मावळायच्या आत त्या दारात जाऊन उभे राहा आणि हाक मारा.