विलिकेसाचा आजारी लॅपटॉप

"या वेळी मी घाई करणार नाही! सगळी माहिती काढणार, नीट विचार करणार आणि एकदम अचूक निर्णय घेणार!" रविवारी चर्चहून आल्यावर जेवणाच्या चटईवर बसता बसता विलिकेसानं जाहीर केलं.

"कशाचा निर्णय?" त्याच्या बायकोनं, लितियानं, माशाचं डोकं त्याच्या ताटात वाढत विचारलं.

"लॅपटॉपचा! आहे तोच सुधारून घ्यायचा, की नवा आणायचा?"

प्रश्न खरंच नाजूक होता. विलिकेसाचा लॅपटॉप नऊ वर्षांचा. नवा होता तेव्हा त्याच्यावर जगातला कुठलाही गेम पळायचा. आता बिजागरीला चिकटपट्टी, दोन बटणं गळालेली आणि पंख्याचा आवाज असा, की शेजारचे लोक विचारायचे, खोबरं किसताय का? त्यावर विलिकेसा दर शनिवारी मोटारींच्या शर्यती खेळायचा. साधासुधा खेळ नव्हे! चार बेटांवरच्या चार माणसांची टीम होती, आणि टोंगातला सामिउएला कॅप्टन होता. मागच्या तीन शर्यतींत विलिकेसाची गाडी शेवटच्या फेरीत जागच्या जागी गोठली. सामिउएला सज्जन माणूस, तिन्ही वेळा काही बोलला नाही. चौथ्या शर्यतीच्या आधी मात्र त्यानं निरोप पाठवला, 'या शनिवारी बंद पडलास तर तुझ्या जागी दुसरा घेतो. राग मानू नकोस.' विलिकेसा बंदरावर बोटीची तिकिटं फाडायचा. आठवडाभर लोक त्याच्याशी तिकिटापुरतंच बोलायचे. शनिवारची ती जागा गेली असती, तर त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

"मग नवाच घे की," लितिया म्हणाली. "फक्त एक सांग. तो आपल्या घरात किती दिवस राहील?"

विलिकेसाचा घास हातातच राहिला. भाच्याचा त्याला विसर पडला होता!

भाचा म्हणजे इनोके. राजधानी सुवाच्या रस्त्यांवर बस चालवणारा, दारातून आत येताना वाकावं लागणारा, मनानं अगदी मऊ माणूस. पण बहिणीच्या मुलानं एखादी गोष्ट मागितली की मामानं ती द्यायची, ही रीत. त्यात 'बघू', 'नंतर', 'आठवड्यानं ये' असलं काही बसत नाही. बोटीचं इंजिन असंच गेलं. नवे बूट गेले. टीव्ही तर रग्बीच्या सामन्याच्या मध्यंतरात गेला, आणि उरलेला सामना बघायला विलिकेसा भाच्याकडे गेला! देण्याचं त्याला कधी दुःख झालं नव्हतं. उलट चार लोकांत 'माझ्या भाच्यानं नेलं' असं तो ऐटीत सांगायचा. पण या वेळी प्रश्न शनिवारचा होता.

सोमवारी तो लॅपटॉप काखोटीला मारून बाजारामागच्या अविनेशच्या दुरुस्तीच्या दुकानात गेला.

"विली भाई, हा उघडायला स्क्रू-ड्रायव्हर आणू की कुदळ?" अविनेश म्हणाला.

झाकण निघालं आणि विलिकेसा जवळजवळ आतच शिरला. बंद वस्तूच्या पोटात काय असतं, हे बघण्याची त्याला लहानपणापासून खोड. आत मुंग्यांचं वारूळ होतं, कसाव्याच्या वेफर्सचा चुरा होता, पालीची दोन अंडी होती आणि लितिया सहा वर्षं शोधत असलेलं कानातलं होतं!

"हे पांढरं वाळकं काय?"

"मलम. चिपची उष्णता ओढून घेतं. घेत होतं म्हणजे, कोणे एके काळी."

"आणि हे?"

"बोट काढा आधी! ही रॅम, ती वाढवता येईल. इथं एसएसडी बसेल. पंखा नवा टाकू. पण ग्राफिक्सची चिप बोर्डालाच पक्की केलेली आहे, ती बदलता येत नाही. एवढं करून चालेल दोन वर्षं. माझं ऐकाल तर नवाच घ्या."

"तुला भाचे आहेत का रे?"

"तीन."

"मागितलेली वस्तू घेऊन जातात?"

"छे! आमच्यात कुठं तसं?"

"मग तू मला शिकवू नकोस," विलिकेसा म्हणाला. "आतलं सगळं नवं टाक. वरून मात्र काही बदलायचं नाही. चिकटपट्टी तशीच. गळालेली बटणं तशीच. आणि ती धूळ फेकू नकोस, वरून परत लावू!"

अविनेशनं आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाईकाचा लॅपटॉप मळवून परत दिला.

घरी येऊन विलिकेसानं तो सुरू केला. आवाजच नाही! गेम डोळ्यांची पापणी लवायच्या आत उघडला. तो इतका खूश झाला, की इथंच थांबला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण नाही! आपली युक्ती त्याला आणखी पक्की करायची होती. म्हणून त्यानं लॅपटॉपच्या आजाराची बातमी पेरायला सुरुवात केली. बसथांब्यावर म्हणाला, फार दिवसांचा सोबती नाही. बाजारात म्हणाला, आता आशा सोडलीय. घरोघरी बातम्या पोचवणाऱ्या आपल्या सालोते मावशीपुढे तर त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "या शनिवारची शर्यत त्याची शेवटचीच गं!"

शनिवारी पावणेतीनला दार वाजलं. दारात इनोके वाकून उभा! मागं सालोते मावशी आणि तिचे दोन मुलगे, म्हणजे विलिकेसाचे मावसभाऊ. एकाच्या खांद्यावर नवी कोरी चटई, दुसऱ्याच्या हातात यांगोनाच्या मुळ्यांची जुडी, कुटून पाण्यात कालवून सगळ्यांनी मिळून प्यायची. घरात कुणी गेलं की भेटायला यावं, तसे सगळे गंभीर.

"मामा, ऐकून फार वाईट वाटलं," इनोके म्हणाला. "नऊ वर्षं साथ दिली हो त्यानं तुम्हाला. म्हटलं, शेवटच्या वेळी तुम्ही एकटे नको."

लितिया पदार्थ बघायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात पळाली, आणि तिथून बराच वेळ खोकण्याचा आवाज येत राहिला.

तीन वाजले. शर्यत सुरू झाली. विलिकेसाची गाडी सुसाट सुटली, आणि लॅपटॉप एकदम शांत!

"मामा," इनोके हळूच म्हणाला, "त्याचा आवाज का बंद झाला? गेला का?"

विलिकेसाला घाम फुटला. दोन्ही हात गुंतलेले, डोळे वळणावर. मग त्यानं ओठ मिटून, घशातून, स्वतःच आवाज काढायला सुरुवात केली. "घर्रर्रर्र..."

"आहे, आहे! अजून आहे!" मावसभाऊ म्हणाला.

श्वास घ्यायला विलिकेसा थांबला की आवाज थांबायचा.

"धाप लागतेय बिचाऱ्याला," सालोते मावशीनं सुस्कारा सोडला.

तेवढ्यात लॅपटॉपमधून सामिउएला ओरडला, "विलिकेसा! तुझ्याकडे घरघर कसली? पुन्हा बंद पडणार असशील तर आत्ताच सांग, दुसरा गडी तयार आहे! त्याला बसवू?"

"घर्र... नको! नको!" विलिकेसा किंचाळला. "बंद पडणार नाही! रॅम नवी आहे, एसएसडी नवा आहे, पंखासुद्धा नवा! आवाज मी तोंडानं काढतोय!"

"का?"

का! इतका सरळ प्रश्न आणि इतक्या वाईट वेळी! समोर शेवटची फेरी, पाठीमागं आख्खं गणगोत.

"भाचा बसलाय म्हणून!"

मग सामिउएला दबल्या स्वरात म्हणाला, "समजलं. मलाही भाचे आहेत."

गाडी गोठली नाही. विलिकेसा तिसरा आला! नऊ वर्षांत कधी आला नव्हता. "वर्षभर ही जागा तुझी!" सामिउएलानं सगळ्यांच्या देखत सांगितलं. विलिकेसा आनंदानं उडी मारून वळला, आणि समोर इनोके बसलेला दिसला. मांडीवर तीच चटई. मुद्दाम विकत आणलेली. विलिकेसाला खरोखरच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं लॅपटॉप मिटला, वायर गुंडाळली आणि दोन्ही हातांनी पुढं केला.

"घेऊन जा, इनोके. आणि मामाला माफ कर."

"हा?" इनोके चकित झाला. "हा घेऊन मी काय करू? मला हा उचलून न्यायची भीती वाटते, वाटेतच मोडेल! ठेवा तुमच्याकडेच."

विलिकेसाचा जीव भांड्यात पडला. लितियासुद्धा तोंड पुसत बाहेर आली.

"पण मामा," इनोकेचे डोळे अजून मिटलेल्या पडद्यावरच होते. "दिवसभर बस चालवतो, चाळीसच्या वर काटा जाऊ देत नाहीत. तुमची गाडी बघून आज जीव नुसता तळमळला. ती जागा आहे ना, आत्ता वर्षभरासाठी मिळाली ती?"

"हो..."

"ती मला हवी."

सालोते मावशीनं लगेच रीतीप्रमाणे दोन्ही हातांची ओंजळ करून तीनदा टाळी वाजवली. देणं पार पडलं! मावसभाऊ यांगोना कुटायलाही बसले.

"दिली," विलिकेसाच्या तोंडून कसंबसं निघालं. "पण तू खेळणार कशावर?"

"यावरच की! दर शनिवारी येईन मी इथं," इनोकेनं मामाच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला. "फक्त पुढच्या वर्षी नवा घ्या हो, मामा. याचा पडदा मला फार लहान पडतो!"