मेश्रामबाबूंचं पाण्यातलं जंगल

आमच्या सदर भागातल्या कचेरीतले मेश्रामबाबू वाळू धुवायचे. तांदूळ धुवावेत तशी, चांगली सात पाण्यांनी. आठव्या पाण्यात वर्तमानपत्राचा तुकडा बुडवून बातमी वाचता आली, तरच वाळू पास. ही वाळू ते रविवारी सायकलनं कन्हान नदीवरून आणायचे.

सगळा खटाटोप काचेच्या टाकीसाठी. मासा मात्र एकही नाही. त्यांना टाकीत पाणगवत वाढवायचं होतं. "मासे कोनीही पाळते गा," ते म्हणायचे, "मले जंगल पाह्यजे."

पहिल्यांदा नुसती वाळू घातली. गवत पंधरा दिवसांत पिवळं पडलं. दुसऱ्यांदा वाळूखाली काळी माती घातली, तर टाकीभर चहा झाला. आम्ही त्यांच्या घरच्या व्हरांड्यात उभं राहून तो पाहिला आणि हेडक्लार्कनी बिस्किटं मागितली. मेश्रामबाबू चिडले नाहीत. तळ चुकला, एवढंच म्हणाले. त्यांच्या मते जगात बाकी काही चुकतच नसे. एका साहेबाची बदली झाली, तेव्हाही त्यांनी साहेबाचा तळ कच्चा ठरवला होता.

तिसऱ्यांदा त्यांनी अख्खा मे महिना माती गच्चीवर भिजवली, वाळवली, परत भिजवली. मग घरातल्या पिठाच्या चाळणीनं चाळली. खाली दोन बोटं माती, वर तीन बोटं वाळू. त्यावर थाळी ठेवून तिच्यात लोट्यानं हळूहळू पाणी ओतलं. टाकी भरायला दुपार गेली, पण पाणी काचेसारखं राहिलं. या वेळी टाकी आतल्या खोलीत होती आणि आम्हाला बोलावणं नव्हतं.

दिवाळीच्या आधी मेश्रामबाबूंनी कचेरीत पेढे वाटले. गवत पाण्याच्या वर आलं होतं. हेडक्लार्कनी पेढा खाऊन, जरा खाली बघत, दोन रोपं मागितली. त्या दिवशी मेश्रामबाबू साहेबापेक्षा ताठ चालत होते.

रोपं आणायला मी गेलो. टाकी एका बुटक्या बाकावर, पलंगाला लावून ठेवलेली. पलंगावर वहिनी कुशीवर पडलेल्या. दोन वर्षांपासून त्यांना उठता येत नव्हतं. कचेरीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. डोळ्यांनी मेश्रामबाबूंकडे खूण करत वहिनीच आधी बोलल्या.

"त्या कोपऱ्यात आज नवं पान निंगालं, भाऊ. यायले नाही दिसलं, मले दिसलं."

"कुठी वं?" मेश्रामबाबूंनी विचारलं. आणि ते जमिनीवर बसले, उशीवर वहिनींच्या डोक्याशेजारी डोकं टेकवून शोधू लागले.