कीबोर्ड सापडत नाई

मी टायपिंगची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेला माणूस. कॉम्प्युटरचा कीबोर्ड निवडायला मी कुणाला कशाला विचारतो!

२००२ साली पोंभुर्ण्याच्या आमच्या मच्छीमार संस्थेला योजनेतून कॉम्प्युटर मिळाला. म्हणजे नुसता डबा! मॉनिटर, कीबोर्ड, माउस आम्हीच घ्यायचे होते. सोमवारी जिल्ह्याचे साहेब पाहायला येणार होते. चालू दिसला नाही, तर डबा दुसऱ्या संस्थेला जाणार! आमच्या अध्यक्ष धुरपताबाईंनी त्यासाठी दोन वर्षं अर्ज केले होते.

सेक्रेटरी म्हणून मी बाईंना घेऊन चंद्रपूरला गेलो. मॉनिटर दुकानातला सर्वांत मोठा घेतला. कीबोर्ड कान लावून निवडला. टाइपरायटरसारखा खडखडला, तोच पसंत! धुरपताबाईंनी मात्र एकेक माउस मुठीत धरून पाहिला.

"हा घे, श्रावण. हाताले बसते."

"बाई, हे मशीनचं काम आहे, मासळीचं नाई!" म्हणत मी दुसराच उचलला.

गावी येऊन सगळं जोडलं. बटण दाबताच इंग्रजी अक्षरं उमटली.

"काय म्हणते?" बाईंनी विचारलं.

"कीबोर्ड सापडत नाई म्हणते."

"डोये फुटले का त्याचे? समोरच तं ठेवला हाय!"

माल खराब, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटी, पुन्हा चंद्रपूर. दुकानदार नागसेननं कीबोर्ड जोडून स्वतःचं नाव टाइप करून दाखवलं.

"चालू तं आहे, भाऊ."

"इथी चालते. पोंभुर्ण्याले नाई चालत!"

बिचाऱ्यानं मुकाट्यानं बदलून दिला. हा कीबोर्ड अगदी मऊ, आवाज न करणारा. पण गावी तोच प्रकार. त्यात माउसही हलेना! तिसऱ्या दिवशी जाऊन माउस बदलला, बाईंनी निवडलेलाच आणला. तोही ढिम्म!

रविवारची संध्याकाळ झाली. मी विजेवर संशय घेतला, टेबलावर घेतला, शेवटी डोक्यावर खोकं वाहून आणणाऱ्या लालसूवर घेतला!

"मी काय तं त्याले हापटलो का?" लालसू भडकला.

धुरपताबाई तोवर डब्यामागे वाकून पाहत होत्या.

"श्रावण, हे भोक जांभयं हाय. यात हिरवी पिन काऊन खुपसली?"

"दोन्ही सारखेच आहे, बाई."

"सारखे कुठी? रंग पाय ना!"

बाईंनी पिनांची अदलाबदल केली. मी डबा बंद करून पुन्हा चालू केला. कीबोर्ड सापडला, माउस पळायला लागला! लालसू माझ्याकडे बघत राहिला. मी छताकडे.

सोमवारी साहेब आले, खूश झाले.

"वा! जोडला कोणी?"

मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "या श्रावणनं, साहेब. तीनदा चंद्रपूरले गेलं लेकरू!"

साहेबांनी तिथल्या तिथे वहीत माझं नाव लिहिलं. आता तालुक्यातल्या बाकीच्या संस्थांचे कॉम्प्युटर जोडायला मलाच पाठवतात. मी जातोही, ऐटीत. फक्त धुरपताबाईंना सवड असेल, त्याच दिवशी!