गोदेकडची भिंत

घराच्या चार भिंतींपैकी एकच भिंत दर वर्षी चुन्यानं पांढरी करणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? मी वेडा म्हटलं होतं. तेही तोंडावर.

दौलतमामा सुतार. घर गेवराईजवळ, गोदेच्या नावेच्या उतारावर. तरुणपणी धाकट्या भावाला, बापूला, घेऊन ते कोकणकिनाऱ्यावर गेले आणि तिथल्या खलाशांच्या इगर्जीचं छप्पर दुरुस्त करून आले. त्या ख्रिस्ती देवळानं मामांचं डोकं कायमचं व्यापलं. वादळातून वाचलेल्या खलाशांनी ते नवस फेडायला बांधलेलं. भिंती जांभ्या दगडाच्या, घंटा फुटलेल्या जहाजाची. छप्पर जहाजं बांधणाऱ्यांनीच केलेलं. आत उभं राहून वर पाहिलं की पालथी घातलेली नाव. आणि समुद्राकडची भिंत पांढरीशुभ्र, परतणाऱ्याला किनारा लांबून कळावा म्हणून.

तेव्हापासून मामांचा कशालाही एकच सवाल, "दर्यावरून दिसंल का?" देवळाच्या नव्या कळसाला तोच, नवरीच्या शालूलाही तोच. निजामाविरुद्ध मी लिहिलेलं, नगरला छापून चोरून आणलेलं पत्रक अभिमानानं दाखवलं, तर कागद हातभर लांब धरून म्हणाले, "लई बारीक अक्षर, बे. दर्यावरून दिसंल का?" मी चिडलो. पण त्या दिवसापासून मोठ्या अक्षरात आणि सोपं लिहितो. हा उपकार आधी कबूल करतो.

एकदा तहसीलचा शिपाई भिंतीपुढे थबकला. "मशीद है के मंदिर? इजाजत किधर है?"

"भिंत हाय, जमादारसाहेब."

"फिर एकच बाजू सफेद कायकू?"

"तुमी लांबून वळखली ना? मग झालं तिचं काम."

मी मात्र सोडलं नाही. "मामा, इथं समुद्र नाही. भोळेपणा पुरे!"

मामा कुंचा बुडवत राहिले. "बापू तिथनंच जहाजावर चढला, तवा म्हणला, दादा, आपलं घर बी असंच पांढरं कर, म्हंजी मी चुकणार न्हाई. ह्याच उतारानं आमी दोघं गेलतो. ह्याच उतारानं येईल त्यो."

"किती वर्षं झाली?"

"किती डाव चुना लावला, मोजलं न्हाई."

त्याच वर्षी श्रावणात पत्रकांचं गाठोडं घेऊन मी पलीकडून नावेत बसलो. नदी फुगलेली, समोरचा काठ पावसानं पुसलेला. नावाडी ओरडला, "मामाची भिंत बघा!" पांढरा ठिपका दिसला तशी त्यानं नाव तिकडे वळवली, म्हणून मी आज लिहितो आहे. मामा काठावर उभे होते. नावेतला एकेक चेहरा पाहून झाल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू तर तू. आलास न्हवं?"

आता मला निजामी हद्दीत जायला मनाई आहे. नावाड्यानं निरोप धाडला, यंदा मामांचा हात वर जात नाही. भिंत छातीपर्यंतच पांढरी झाली.

वाचकहो, त्या बाजूला गेलात तर थोडा चुना न्या, गावात शिडी मागा आणि वरची भिंत तेवढी रंगवा. मामा त्यांचा सवाल विचारतीलच. हो म्हणायची घाई करू नका. नावेत बसून पलीकडे जा, वळून बघा, आणि मग येऊन सांगा.