बोलायचा दवाखाना

वरणात मीठ जास्त झालं म्हणून भुजंगने ताट भिंतीवर फेकलं, आणि कौसल्या पिंपळगाव रेणुकाईला माहेरी निघून गेली. "सोभाव बदलला की निरोप धाडा," एवढंच ती म्हणाली.

स्वभाव कुठे बदलून मिळतो, हे भुजंगच्या गावात, कुंभार पिंपळगावात, कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी कळलं, की जालन्यात उषाबाई नावाच्या डॉक्टर आहेत. दर मंगळवारी तासभर बोलून मुळापासून उपाय करतात. भुजंग निघाला. रोग्याला एकट्याने पाठवायची रीत नव्हती, म्हणून चुलते कारभारीकाकाही पिशवी घेऊन एसटीत बसले.

"लहानपणापासून सांगा," उषाबाई भुजंगला म्हणाल्या.

दवाखान्यात थोरल्याने बोलायचं आणि रोग्याने जीभ दाखवायची, एवढंच भुजंगला माहीत. त्याने जीभ बाहेर काढली.

"जीभ नको. बोला."

"मी सांगतो ना," काका पुढे सरकले. "ह्याचा राग म्हंजी माझ्या बापाचा राग. एकदा मी बैल पाण्यावर न्यायचा विसरलो, तर..."

"काका, तुम्ही जरा बाहेर बसता?"

काका बाहेर गेले. भुजंग दहा मिनिटं पंख्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काकाला इचारा की. त्यायला सगळं माहीत हाये."

काका जवळ असले तर याचं तोंड उघडेल, या आशेने उषाबाईंनी त्यांना आत बोलावलं. उघडलं ते काकांचं.

"बापानं बैलाच्या दाव्यानं मारलं."

"बरं. मग तुम्हाला काय वाटलं?"

असं काकांना जन्मात कुणी विचारलं नव्हतं. ते उपरण्यात तोंड घालून रडू लागले. भुजंग गोंधळला. आपण रोगी की सोबती, हेच त्याला कळेना.

असे सात मंगळवार गेले. परतीच्या गाडीत भुजंग कुरकुरे, "गोळी न्हाई, सुई न्हाई. मला तर काहीच फरक पडून न्हाई राह्यला."

"मला बिलकुल हलकं वाटून राह्यलं," काका म्हणत.

शेवटी भुजंगचा धीर सुटला आणि तो सासरी जाऊन थडकला. कौसल्येने ओसरीवरच हिशोब काढला. ताट झालं, त्याआधीचा तांब्या झाला, भावाचा अपमान झाला. भुजंगची कानशिलं तापली. तोंड तर उघडलं, पण दोन महिने कानावर पडलेलं एकच वाक्य बाहेर आलं.

"बरं. मंग तुला काय वाटलं?"

कौसल्या थबकली. "काय म्हन्ले?"

"काय वाटलं, म्हन्लं."

नवऱ्याचा चेहरा तिने नीट न्याहाळला. मग ती खाली बसली आणि दिवेलागणीपर्यंत बोलत राहिली. दुसऱ्या दिवशी पिशवी भरताना तिने विचारलं, "घरी बी असंच इचारताल ना?"

पुढच्या मंगळवारी सकाळी काका धुतलेलं धोतर नेसून दारात हजर.

"आता कशाला, काका? कौसल्या आली की. मी बरा झालो."

"तू झालास रे," काका पिशवी सावरत म्हणाले. "माझी तर सांगता सांगता आत्ता कुठं शाळेतली तिसरी चालू हाये. चल जल्दी. रोग्याला एकटं धाडत न्हाईत."