युफेमिया खापरपणजीचं लग्न नक्की कुठे लागलं?

"आत्या, तू फक्त झगा शिवायला टाक! आठ दिवसांत जागा पुराव्यानिशी सांगते!" पंधरा वर्षांच्या एफी रिंटूलनं अशा थाटात जाहीर केलं, जणू १८७१ सालच्या त्या वऱ्हाडात ती स्वतः मिरवली होती!

लोर्ना आत्याला लग्न करायचं होतं ते थेट युफेमिया खापरपणजीच्या लग्नाच्या जागी. पण होणाऱ्या सासूबाईंनी बजावलं होतं, "महिनाअखेर जागा ठरली नाही, तर लग्न आमच्या गोल्फ क्लबात!" त्या हॉलला बारमाही ओल्या मोज्यांचा वास येतो, हे अख्ख्या किनेल्डी गावाला ठाऊक होतं.

एफीनं तिसऱ्याच दिवशी लग्नाचा दाखला शोधून काढला. 'पुकारा करून, फ्री चर्चच्या रीतीनं', एवढं वाचलं आणि किंचाळली, "सापडलं! टेकडीवरचं फ्री चर्च!"

रविवारी सगळं घराणं टेकडीवर. नेटा आजी ठेवणीतली टोपी घालून, सासूबाई फुरंगटून. तिथल्या पाद्रीबाई मात्र पोट धरून हसल्या.

"इथं लग्न? अगं पोरी, त्या काळी आपल्याकडे चर्चमध्ये लग्न करायचं कोण! इथं नुसती नावं पुकारायची, कुणाची हरकत आहे का विचारायचं. लग्न लागायचं नवरीच्या घरी, चुलीपुढे! दाखल्यावर पत्ता असतो की. वाचला नाहीस?"

एफीचा चेहरा गार पडलेल्या ओटच्या लापशीसारखा झाला.

"वाचला... म्हणजे, वरचा थोडा भाग राहिला."

"वरचा म्हणजे पहिली ओळ!" आत्या कडाडली.

सासूबाईंनी गोड हसत पर्समधून फोन काढला. "क्लबात कळवू ना मग?"

"थांबा!" एफीनं दाखला पुन्हा उघडला. "नऊ, सॉल्टपॅन गल्ली! चला!"

पाद्रीबाईंसकट वरात टेकडी उतरून गल्लीत शिरली. नऊ नंबरवर पाटी होती: 'कोर्सी, तळलेले मासे आणि चिप्स'. आत्यानं डोळे मिटून घेतले.

"मीठ-व्हिनेगर घालू?" काउंटरमागून कोर्सीबाई.

"नको. लग्न हवंय!" एफी म्हणाली.

कोर्सीबाईंची पापणीसुद्धा लवली नाही. "किती माणसं?"

"चाळीस."

"मासा का सॉसेज?"

"अहो, कढईसमोर लग्न?" सासूबाईंना ठसकाच लागला. "कायद्यात तरी बसतं का?"

"आपल्याकडे कुठेही लागतं," पाद्रीबाई म्हणाल्या. "गेल्या महिन्यात मेंढ्यांच्या गोठ्यात लावून आले. मेंढ्यांनी हरकत घेतली नाही!"

सगळे नेटा आजीकडे बघायला लागले. आजीनं टोपी सारखी केली. "युफेमियानं चुलीपुढे केलं ना? मग ही काय, चूलच! जरा मोठी आहे, इतकंच."

आत्यानं एक डोळा उघडला. मग दुसरा. आणि एफीला अशी मिठी मारली, की पोरीच्या बरगड्या वाजल्या!

जूनमधल्या शनिवारी कढई वीस मिनिटं बंद राहिली. दारात बॅगपाइप वाजला, बाहेर गिऱ्हाइकांची रांग चौकापर्यंत गेली आणि रांगेतल्या प्रत्येकानं शिट्टी मारली! ग्रेगर नवरदेव "हो" म्हणताना रडला. तो म्हणतो, कांद्याच्या लोणच्यामुळे. सासूबाईंनी दोनदा मासा घेतला, तिसऱ्यांदा 'पाहुण्यांसाठी' घेतला! एफीनं खुर्चीवर चढून भाषण ठोकलं: "दीडशे वर्षांनी, त्याच जागी, त्याच घराण्यात!" टाळ्यांनी काचा हादरल्या.

ती उतरली, तोच रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं तिची बाही ओढली.

"झकास झालं हो! फक्त एक. १९०२ साली गल्लीतले नंबर बदलले. आमच्या आजोबांनीच पाट्या ठोकल्या. जुनं नऊ नंबर ते समोरचं."

एफीनं समोर पाहिलं. काचेआड तीन शवपेट्या चकचकत होत्या.

तिनं एकदा आत्याकडे पाहिलं. आत्या केसांत चिप्सचा तुकडा अडकलेल्या ग्रेगरचा मुका घेत होती. एफीनं आपली अख्खी बशी म्हाताऱ्याच्या हातात कोंबली.

"आजोबा, गरम आहे. तोंड भरून खा बरं का! अगदी गच्च भरून!"